घरच्या इंटरफेसला बाहेरचं पेडल कसं जोडायचं?

हा भाग ऐकताना "आउटपुट तीनमधून केबल, इनपुट तीनमध्ये केबल" असं इतक्या वेळा येतं की लोकलमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचाच. म्हणून बोललेलंच थोडं नीट लावून इथे देते आहे. इंटरफेस समोर ठेवा आणि सावकाश वाचा.

विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. एका दादांनी विचारलं होतं, "माझ्याकडे गिटारचं डिले पेडल आहे. गिटार आता फारशी वाजवत नाही, पण बायको गाते. तिच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ते पेडल वापरता येईल का?" आणि एका ताईंच्या घरी वडिलांच्या ऑर्केस्ट्राच्या काळातलं एको मशीन माळ्यावर आहे. भंगारात द्यायचं की वापरायचं, असा त्यांचा प्रश्न.

दोघांनाही उत्तर एकच: वापरता येतं. त्यासाठी नवीन महागडं काही घ्यावंच लागेल असंही नाही. फक्त चार गोष्टी सांभाळायच्या. आवाजाची ताकद, आवाजाचा रस्ता, आवाजाला लागणारा वेळ आणि वीज. यातली एक जरी चुकली तरी पेडल खराब आहे असं वाटतं, आणि बिचारं पेडल पुन्हा माळ्यावर जातं.

सेंड आणि रिटर्न म्हणजे नक्की काय?

सॉफ्टवेअरमध्ये आपण "सेंड" हा शब्द रोज वापरतो. पण पूर्वी आवाज खरोखरच कुठेतरी पाठवला जायचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एको चेंबर होतं, म्हणजे चक्क एक रिकामी, घुमणारी खोली. कंट्रोल रूममधून गाण्याचा आवाज वायरने त्या खोलीतल्या स्पीकरला पाठवायचा, आणि तिथे घुमलेला आवाज मायक्रोफोनने पकडून परत आणायचा. जाणारी वायर म्हणजे सेंड, येणारी वायर म्हणजे रिटर्न.

मग १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने ईएमटी १४० हे प्लेट रिव्हर्ब आणलं. एका मोठ्या चौकटीत ताणून बसवलेला पोलादी पत्रा. त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर, त्यामुळे ते दुसऱ्या खोलीतच असायचं. तिथेही हेच, एक वायर जाणारी आणि एक येणारी. १९७४ मध्ये रोलँडचं आरई-२०१ स्पेस एको आलं, ते टेपवर चालायचं. १९८५ मध्ये यामाहाचं एसपीएक्स९० आलं, ते डिजिटल. यंत्रं लहान होत गेली, पण जोडणी तीच राहिली.

आज तुमच्या टेबलावर इंटरफेस म्हणजे कंट्रोल रूम आणि पेडल म्हणजे ती घुमणारी खोली. इंटरफेसच्या एका आउटपुटमधून आवाज पेडलमध्ये जाणार आणि पेडलमधून एका इनपुटमध्ये परत येणार. एवढंच चित्र डोक्यात पक्कं ठेवा.

पहिली गोष्ट: ताकद

आता आवाजाची ताकद म्हणजे कानाला किती मोठं ऐकू येतं ते नाही बरं का. वायरमधून किती व्होल्ट जातात ते.

स्टुडिओतल्या यंत्रांची ठरलेली पातळी असते +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती टेप डेक, सीडी प्लेअर वगैरेंची असते -१० डीबीव्ही, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळजवळ चौपट फरक. आणि गिटारचा पिकअप? हलक्या हाताने वाजवलं तर व्होल्टचा दहावा हिस्सा, जोरात स्ट्रम केलं तर त्याच्या कितीतरी पट. पेडल बनवणाऱ्याने हाच गिटारचा आवाज डोळ्यांसमोर ठेवलेला असतो.

तुमच्या इंटरफेसचा लाइन आउट मात्र पूर्ण जोरात असेल तर दोन-चार व्होल्ट सहज देतो. आता गंमत बघा. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात. आतल्या सर्किटमध्ये आवाजाची लहर मधोमध, साडेचार व्होल्टवर, बसवलेली असते. म्हणजे तिला वर जायला साडेचार आणि खाली यायला साडेचार, जास्तीत जास्त एवढीच जागा. प्रत्यक्षात त्याहूनही थोडी कमी. इंटरफेसमधून पूर्ण जोरात आलेली लहर या जागेत मावत नाही. तिचं डोकं वर आपटतं, पाय खाली आपटतात, आणि आवाज फाटतो.

बायकोचा आवाज डिलेमधून फाटका परत आला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. पेडल बिघडलेलं नसतं, त्याला झेपेल त्याहून जास्त पाठवलेलं असतं.

उपाय फुकट आहे. पेडलकडे जाणाऱ्या आउटपुटचा आवाज सॉफ्टवेअरमध्येच २० डीबीने खाली आणा. २० डीबी खाली म्हणजे व्होल्ट बरोबर एक दशांश. चार व्होल्ट जात होते तिथे आता ०.४ जातात, म्हणजे गिटारच्या घरात आलो आपण. इथून सुरुवात करा. मग गाण्यातला सगळ्यात मोठा स्वर वाजवत हळूहळू वाढवा. फाटायला लागला की पाच-सहा डीबी खाली या आणि तिथेच थांबा. फार खालीही ठेवू नका. आवाज खूपच कमी पाठवला तर परत आल्यावर तो वाढवावा लागतो आणि त्याच्यासोबत पेडलची सगळी खरखर वाढते.

काही पेडल आत व्होल्टेज वाढवून चालतात, काही नवीन पेडलना लाइन लेव्हल चालते असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तसं असेल तर एवढी काटकसर नको. जुन्या रॅक युनिटच्या मागे बऱ्याचदा +४ आणि -२० असा छोटासा स्विच असतो. रॅक युनिट इंटरफेसला जोडताना तो +४ वर ठेवा.

येताना कुठे घालायचं?

पेडलमधून परत येणारा आवाज लाइन इनपुटमध्ये घाला आणि गेन वाढवा. फारच बारीक वाटला तर इंटरफेसवरचं "इन्स्ट" बटण दाबून इन्स्ट्रुमेंट इनपुट वापरा, तिथे गेन अगदी खालून सुरू करा. दोन्ही चालतं. रेकॉर्ड होताना सगळ्यात मोठा आवाज -१२ डीबीच्या आसपास राहिला की झालं. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर मीटर लाल दिव्यापर्यंत न्यायची काही गरज नाही.

एक सांभाळा. पेडलचा आवाज एक्सएलआरमधून माइकच्या इनपुटला घालू नका, आणि ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बंद आहे ना ते बघून घ्या. ते मायक्रोफोनसाठी आहे, पेडलच्या आउटपुटसाठी नाही.

केबल कोणती?

दुकानात ज्याला पी-३८ जॅक म्हणतात तो, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा मोठा जॅक. त्याच्यावर एक काळी रेघ असेल तर तो टीएस, म्हणजे मोनो. दोन रेघा असतील तर टीआरएस. गिटार पेडलला टीएस केबल लागते. इंटरफेसचे आउटपुट बहुतेक टीआरएस असतात, पण त्यात टीएस केबल घातलेली बहुसंख्य इंटरफेसना चालते. तुमच्या इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत "अनबॅलन्स्ड" शब्द शोधून एकदा खात्री करा.

केबल तीन मीटरच्या आत ठेवा. टीएस केबलमध्ये बाहेरची खरखर कापायची सोय नसते, आणि लांबी वाढली की ती जास्त गोळा होते. आणि हो, पेडलच्या मागे दोन आउटपुट असतील तर ते स्टिरिओ आहे. स्टिरिओत परत आणायचं तर इंटरफेसचे दोन इनपुट खर्ची पडतील.

दुसरी गोष्ट: रस्ता

इथे सगळं अवलंबून आहे ते तुमच्या इंटरफेसला आउटपुट किती यावर. इनपुट किती ते सगळे मोजतात, आउटपुट कोणी मोजत नाही!

*चार आउटपुट असतील तर*

उदाहरणार्थ फोकसराइटचा स्कार्लेट फोरआयफोर. १ आणि २ स्पीकरला जातात, ३ आणि ४ मोकळे. मग असं करा:

१. स्पीकर बंद, हेडफोनचा आवाज कमी, सगळे गेन शून्यावर.
२. आउटपुट ३ मधून केबल पेडलच्या इनपुटला. पेडलच्या आउटपुटमधून केबल इंटरफेसच्या इनपुट ३ ला.
३. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या ट्रॅकवरून एक सेंड काढा आणि तो थेट आउटपुट ३ ला द्या, -२० डीबीवर.
४. एक नवीन ट्रॅक घ्या, त्याचा इनपुट ३ ठेवा. नाव द्या "पेडल परत".
५. या नवीन ट्रॅकचा आवाज फक्त १-२ ला जातो आहे, ३ ला अजिबात जात नाही, हे दोनदा तपासा.
६. गाणं वाजवा, गेन हळूहळू वाढवा.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये याच्यासाठी तयार सोय आहे. रीपरमध्ये रीइन्सर्ट, लॉजिक प्रोमध्ये आय-ओ नावाचं प्लगइन, क्यूबेसमध्ये एक्स्टर्नल एफएक्स, एबलटन लाइव्हमध्ये एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट. कुठल्या आउटपुटमधून पाठवायचं आणि कुठल्या इनपुटमधून घ्यायचं एवढं सांगितलं की पेडल एखाद्या प्लगइनसारखं ट्रॅकवर बसतं.

*दोनच आउटपुट असतील तर*

आपल्यापैकी बहुतेकांकडे हेच असतं. दोन इनपुट, दोन आउटपुट, आणि हेडफोनमध्येही तेच जे आउटपुटला जातं. इथे ऐकणं आणि पाठवणं एकाच रस्त्याने होतं. म्हणून मी सांगते ती पद्धत थोडी जुनी वाटेल, पण पक्की आहे: आवाज एकदा पेडलमधून फिरवून रेकॉर्ड करून घ्यायचा.

स्पीकरच्या केबल इंटरफेसमधून काढा. आउटपुट १ मधून पेडल, पेडलमधून इनपुट १. ज्या ट्रॅकवर परिणाम हवा आहे फक्त तो सोलो करा आणि पॅन पूर्ण डावीकडे ठेवा. नवीन ट्रॅकवर इनपुट १ रेकॉर्डला लावा, पण त्याचं मॉनिटरिंग बंद ठेवा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरसुद्धा बंद. आता रेकॉर्ड दाबा आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्या. शेवटचा शब्द संपला म्हणून लगेच थांबवू नका, डिलेची शेपटी पूर्ण विरू द्या. झाल्यावर स्पीकर पुन्हा लावा आणि ऐका.

तोटा एकच. रेकॉर्ड होताना हेडफोनमध्ये कोरडा आवाज ऐकू येतो, परिणाम नंतर कळतो. म्हणून आधी पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा दोन-तीनदा करून पेडलचे खटके जमवा, मग पूर्ण गाणं घ्या. आणखी एक, अशा छोट्या इंटरफेसवर तो मोठा व्हॉल्यूमचा खटका पेडलकडे जाणारा आवाजही कमी-जास्त करतो. एकदा जमलं की त्या जागी कागदी टेपचा तुकडा चिकटवून खूण करून ठेवा. नाहीतर हेडफोन मोठा करायला म्हणून हात जायचा आणि अर्धं गाणं फाटायचं.

गोल गोल फिरणारा आवाज

वर मी "दोनदा तपासा" आणि "मॉनिटरिंग बंद" असं म्हटलं, ते उगीच नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तीच इथे वायरमध्ये तयार होऊ शकते. पेडलमधून परत आलेला आवाज पुन्हा त्याच आउटपुटमधून पेडलमध्ये गेला, तिथून परत आला, परत गेला. प्रत्येक फेरीत थोडा मोठा. अर्ध्या सेकंदात तो टोकाला पोचतो. हेडफोन कानाला असतील तर हा मोठाच धोका आहे, आणि स्पीकरच्या छोट्या ट्वीटरलाही.

बऱ्याच छोट्या इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की इनपुटचा आवाज हेडफोनबरोबर लाइन आउटलाही जातो. पेडल त्याच लाइन आउटला लावलेलं असेल तर वर्तुळ पूर्ण झालंच म्हणून समजा. सॉफ्टवेअरमध्ये सगळं बरोबर असूनही शिट्टी येत असेल तर आधी ते बटण बघा.

म्हणून एक सवय लावून घ्या: नवीन जोडणी केल्यावर पहिल्यांदा हेडफोन कानाला लावायचे नाहीत. गळ्यात ठेवायचे, आवाज वाढवायचा, मीटर बघायचं. मीटर आपोआप चढत नाही याची खात्री पटली की मगच कानाला.

तिसरी गोष्ट: वेळ

कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे पाठवतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. बफर २५६ सॅम्पलचा असेल आणि सॅम्पल रेट ४८,००० असेल तर एका दिशेला ५.३ मिलिसेकंद लागतात. जायला तेवढे, यायला तेवढे, म्हणजे जवळजवळ ११. त्यात ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर यांचा थोडा वेळ मिळवा. ११ मिलिसेकंदांत हवेतला आवाज साडेतीन मीटरच्या वर पोचतो. म्हणजे पेडल तुमच्या हाताशी असलं तरी आवाजाच्या हिशोबाने ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

याने बिघडतं काय? ते परिणाम कुठला आहे त्यावर ठरतं.

रिव्हर्ब किंवा डिले असेल तर पेडलवरचा मिक्सचा खटका पूर्ण ओल्या बाजूला फिरवा. म्हणजे पेडलमधून फक्त प्रतिध्वनी परत येईल, मूळ आवाज येणार नाही. मूळ आवाज तुमच्या ट्रॅकवर आहेच. आता प्रतिध्वनी दहा मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला खटकत नाही, रिव्हर्बमध्ये तर तो मूळ आवाजापासून जरा सुटा होतो आणि शब्द स्पष्ट राहतात.

पण पेडलमधून मूळ आवाजही परत आला तर? मग एकच आवाज दोनदा वाजतो, दुसरा किंचित उशिरा. दोघांत १ मिलिसेकंदाचा फरक असेल आणि दोन्ही सारख्याच जोराचे असतील तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक जागा एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज पोकळ होतो, पत्र्याच्या नळीतून बोलल्यासारखा. अनेकजण इथे इक्वलायझर घेऊन बसतात आणि तासभर घालवतात. त्याने काही होत नाही, कारण दुखणं सुरांचं नाही, वेळेचं आहे.

ओव्हरड्राइव्ह किंवा कॉम्प्रेसर यांचं वेगळं. त्यांच्यातून आवाज पूर्णच जायला हवा. तिथे मूळ ट्रॅक म्यूट करा आणि परत आलेलाच वापरा. दोन्ही एकत्र हवे असतील तर आधी वेळ जुळवा.

वेळ कशी जुळवायची? वर सांगितलेल्या सोयींत ती मोजायचीही काही ना काही व्यवस्था असते. रीइन्सर्ट, लॉजिक आणि क्यूबेसमध्ये पिंग करायचं बटण आहे. सॉफ्टवेअर एक टिचकी बाहेर पाठवतं, ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि तेवढं स्वतःच मागे सरकवतं. लाइव्हमध्ये हार्डवेअर लेटन्सीचा आकडा हाताने भरायचा. पिंग करताना पेडल बायपासवर ठेवा, नाहीतर डिलेची पुनरावृत्तीच मोजली जाईल.

हाताने करायचं तर एका रिकाम्या ट्रॅकवर मेट्रोनोमचा एक ठोका ठेवा. तो बायपास केलेल्या पेडलमधून फिरवून दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही लहरी मोठ्या करून बघा, किती सॅम्पलचा फरक आहे ते मोजा. परत आलेला ट्रॅक तेवढाच डावीकडे ओढा. आकडा वहीत लिहून ठेवा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की तो पुन्हा मोजावा लागतो.

चौथी गोष्ट: वीज

हा भाग वगळू नका, प्लीज.

सगळं जोडलं आणि "घूंऽऽ" असा आवाज यायला लागला, तर तो बहुतेक आपल्या विजेचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून हा हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. कॉम्प्युटर एका प्लगवर, रॅक युनिट दुसऱ्या प्लगवर, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल. अर्थिंगचे दोन रस्ते तयार झाले की त्या वर्तुळात हम फिरतो.

काही जण यावर एक "उपाय" सांगतात, थ्री पिन प्लगची मोठी अर्थिंगची पिन काढून टाका. हम जातो, खरंच जातो. पण ती पिन हमसाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे. आत एखादी वायर सुटून धातूच्या डब्याला लागली तर त्या पिनमुळे वीज जमिनीत जाते. पिन नसेल तर ती त्या डब्याला हात लावणाऱ्या माणसातून जाते. आणि लक्षात घ्या, तो माणूस कदाचित दुसऱ्या हाताने माइक धरून गात असेल. ती पिन कधीही काढू नका.

मग काय करायचं? आधी सगळी यंत्रं एकाच, अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. लॅपटॉप असेल तर दोन मिनिटं चार्जर काढून बघा. हम गेला तर कारण सापडलं, रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवा. दोन-तीन पेडल एकाच ॲडॅप्टरवर साखळीने लावली असतील आणि बारीक "ची" असा आवाज येत असेल तर डिजिटल पेडलला वेगळा ॲडॅप्टर द्या. तरीही राहिलं तर ऑडिओच्या रस्त्यात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. त्यातून आवाज जातो, पण दोन बाजूंची अर्थिंग तोडलेली राहते. वीज सुरक्षित, हमही गायब.

ॲडॅप्टरचंही बघा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, असा ॲडॅप्टर लागतो. कीबोर्डचा किंवा राउटरचा ॲडॅप्टर दिसायला तसाच असतो, पण बऱ्याचदा त्याची मधली पिन पॉझिटिव्ह असते. पेडलवरचं छोटं चित्र वाचल्याशिवाय काहीही खुपसू नका.

आणि एको मशीनवाल्या ताई, तुमच्यासाठी खास. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र खाली आणून थेट प्लगमध्ये घालू नका. मागची पट्टी वाचा. जपानमधलं असेल तर १०० व्होल्टचं असू शकतं, अमेरिकेतलं असेल तर साधारण ११० ते १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर ते एका क्षणात जळेल, त्याला स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असतात, रबरी पट्टे आणि रोलर कडक झालेले असतात. जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर कोणीतरी नाव सांगेलच. आधी त्यांना उघडून दाखवा. भंगारात मात्र देऊ नका.

रीॲम्प बॉक्स घ्यावाच लागतो का?

हा प्रश्न नेहमी येतो. १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन इंजिनिअरने "रीॲम्प" नावाचा डबा बाजारात आणला. स्टुडिओतला जोरकस आवाज गिटारच्या पातळीला उतरवायचा आणि गिटारसारखाच इम्पिडन्स पेडलला दाखवायचा, हे त्याचं काम.

डिले, रिव्हर्ब, कोरस यांच्यासाठी मी तरी म्हणेन, आधी त्याच्याशिवाय करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये २० डीबी खाली आणलं की बहुतेक वेळा काम होतं. फझ आणि जुन्या पद्धतीचं वाह पेडल यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या सर्किटचं थेट गिटारच्या पिकअपशी नातं असतं. इंटरफेसचा आउटपुट लावला तर ते कर्कश, चिरकं वाजतात. तिथे रीॲम्प बॉक्स खरंच उपयोगी. आणि ट्रान्सफॉर्मर असलेला बॉक्स हमही तोडतो, म्हणजे एका डब्यात दोन कामं.

काम झाल्यावर

तीन सवयी सांगते. एक, कोरडा ट्रॅक कधीही पुसू नका. पेडलमधून आलेला आवाज नेहमी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. सहा महिन्यांनी डिले जास्त वाटला तर परत जाता आलं पाहिजे. दोन, पेडलच्या खटक्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि गाण्याच्या फोल्डरमध्येच टाका. प्लगइन आपली सेटिंग लक्षात ठेवतं, पेडल ठेवत नाही. तीन, पेडल जोडलेलं असताना गाणं एक्सपोर्ट करायचं तर रिअल टाइममध्येच करा. चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं लागणारच, कारण पेडलमधली लहर घाईत धावत नाही. त्यापेक्षा आधीच रेकॉर्ड करून घेतलेलं उत्तम.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? डिलेचं प्लगइन फुकटही मिळतं. अगदी बरोबर. फक्त आवाजासाठी नवीन पेडल विकत घ्या असं मी कोणालाच सांगणार नाही. पण घरात असेल तर त्याचा एक फायदा प्लगइनला नाही: त्याला हात लावता येतो. गाणं वाजत असताना अंतऱ्याच्या शेवटच्या शब्दावर फीडबॅकचा खटका वर न्या, प्रतिध्वनी वाढत जाऊ द्या, आणि मुखड्यावर येताना खाली आणा. ते वाजवणंच आहे, आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं होतं. ज्या दादांनी प्रश्न विचारला त्यांना मी हेच सुचवेन. वहिनी गातील, तुम्ही पेडल वाजवा. गिटार सुटली असली तरी घरातलं संगीत सुटायचं कारण नाही.

तुमच्या इंटरफेसला आउटपुट किती आणि पेडल कोणतं, एवढं लिहून प्रश्न पाठवलात तर उत्तर देणं सोपं जाईल. पुढच्या भागात खोलीतला घुमारा कमी करायला गाद्या, रजया आणि पुस्तकांची कपाटं कुठे आणि कशी ठेवायची ते बोलू. तोवर आधी मीटर बघा, मग हेडफोन कानाला. भेटूया!